एमआरआयवरून मेंदूच्या गाठीचं जनुक ओळखता येतं, मग ऑपरेशन कशाला?

आधी प्रश्न थोडक्यात. मालवणजवळचे एक मासेमार, वय ४२. थोड्या दिवसांच्या अंतराने दोनदा फिट आली, दुसऱ्यांदा होडीवर. कुडाळला एमआरआय झाला. रिपोर्टात लिहिलंय: डाव्या फ्रंटल लोबमध्ये (मेंदूच्या पुढच्या भागात) गाठ, कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं रंगद्रव्य) घेत नाही, टी२-फ्लेअर मिसमॅच दिसतो, आयडीएच म्युटेशन (आयडीएच या जनुकातला बदल) असलेला ॲस्ट्रोसायटोमा (मेंदूच्या गाठीचा एक प्रकार) असण्याची शक्यता जास्त. न्यूरोसर्जन ऑपरेशन सांगतात. भाचा विचारतो की एमआरआयनेच म्युटेशन कळलं तर डोकं उघडायचं कशाला, मुंबईला नेऊन ‘ॲडव्हान्स्ड’ एमआरआय केला तर पक्कं होईल का, एआयने हे अचूक कळतं असं ऐकलंय ते खरं का, आणि मामांच्या मुलांनाही हे होईल का.

मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि माझी प्रॅक्टिस याच पट्ट्यात आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घरात झोप उडवणारा प्रश्न तोच असतो. ही म्युटेशन गाठीच्या पेशींमध्ये झालेली आहे. मामांना ती आई-वडिलांकडून आलेली नाही आणि मुलांकडे जाणार नाही. मेंदूच्या गाठींची शक्यता वाढवणारे काही आनुवंशिक आजार आहेत, पण ते क्वचित दिसतात आणि त्यांची चिन्हं वेगळी असतात. मुलांचा एमआरआय काढायची गरज नाही. ‘जेनेटिक’ शब्द ऐकून मुलीच्या सोयरिकीची चिंता करणारी घरं मी पाहिली आहेत. त्या चिंतेला इथे काहीच आधार नाही.

आता आयडीएच. पेशीच्या चयापचयातलं हे एक एन्झाइम. त्याच्या जनुकात बदल झाला की ते नेहमीचं काम सोडून २-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचा पदार्थ बनवायला लागतं. निरोगी मेंदूत हा पदार्थ नगण्य असतो, अशा गाठीत तो साठत जातो. ग्लायोमा, म्हणजे मेंदूतल्या आधारपेशींपासून होणाऱ्या गाठींमध्ये हा बदल असतो हे २००८ साली लक्षात आलं आणि त्यानंतर या गाठींकडे पाहायची पद्धतच बदलली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात ग्लायोब्लास्टोमा हे सगळ्यात आक्रमक गाठीचं नाव फक्त आयडीएच म्युटेशन नसलेल्या गाठींना उरलं. म्युटेशन असेल तर गाठ कितीही वाईट दिसो, ती फार तर ग्रेड ४ चा ॲस्ट्रोसायटोमा ठरते (ग्रेड म्हणजे गाठ किती आक्रमक, याची १ ते ४ अशी पायरी). म्युटेशनसोबत गुणसूत्र १ आणि १९ चे ठरावीक भाग गळालेले असतील, ज्याला १पी/१९क्यू कोडिलीशन म्हणतात, तर ती ऑलिगोडेंड्रोग्लायोमा. या तिघांचा पुढचा प्रवास फार वेगळा असतो. म्हणून ऑपरेशनच्या आधीच अंदाज लागावा अशी सगळ्यांची धडपड.

तुमच्या रिपोर्टातली खूण त्या धडपडीतलं सगळ्यात साधं आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचं फळ आहे. टी२ या चित्रात गाठ आत-बाहेर एकसारखी पांढरी दिसते. तोच काप फ्लेअर या चित्रात पाहिला की आतला भाग काळपट पडतो आणि भोवती पांढरी पातळ कड उरते, शहाळं फोडल्यावर पाण्याभोवती मलई दिसते तशी. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून डोळ्यांनी पाहायचं, बस. त्यासाठी वेगळं इंजेक्शन लागत नाही आणि ३ टेस्लाचं (जास्त ताकदीच्या चुंबकाचं) मशीनही लागत नाही. मी काम करतो त्या १.५ टेस्लाच्या मशीनवर ही खूण नीट दिसते, फ्लेअर नीट काढलेला असला तर. रुग्ण हलला, किंवा घाईत जाड काप घेतले, की कडेची ती रेघ पुसली जाते आणि वाचणारा ‘मिसमॅच नाही’ लिहून मोकळा होतो.

ही खूण २०१७ च्या सुमारास नीट मांडली गेली. मोठ्या माणसाच्या, कॉन्ट्रास्ट न घेणाऱ्या ग्लायोमात ती स्वच्छ दिसली तर आयडीएच म्युटेशन आहे आणि १पी/१९क्यू कोडिलीशन नाही, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. मात्र तिचा उपयोग एकाच दिशेने आहे. असली तर बोलते, नसली तर काही सांगत नाही, कारण अशा गाठींपैकी अर्ध्याहून अधिक गाठींमध्ये ती दिसतच नाही. आणि ‘मोठ्या माणसाच्या’ ही अट महत्त्वाची आहे. लहान मुलांच्या काही गाठी आणि डीनेट नावाची संथ गाठ हुबेहूब असंच चित्र देतात. एखादी गाठ अर्धवट पांढरी, अर्धवट करडी असताना ‘मिसमॅच पॉझिटिव्ह’ लिहिलेले रिपोर्टही मी वाचले आहेत. व्याख्या सैल केली की भरवसा गेलाच. म्हणून रिपोर्टातल्या वाक्यावर न थांबता ती दोन चित्रं न्यूरोसर्जनबरोबर प्रत्यक्ष पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

एक गोष्ट या विषयावरचे उत्साही लेख बाजूला ठेवतात, ती म्हणजे वय. बेचाळीस वर्षांचा माणूस, फिट येऊन सुरुवात, फ्रंटल लोब, कॉन्ट्रास्ट न घेणारी गाठ, एवढं सांगितलं तर कुठलाही निवासी डॉक्टर मशीनशिवाय म्हणेल की आयडीएच म्युटेशन असणार. म्युटेशन असलेल्या गाठी फिट देण्यात तशाही पुढे असतात. उलट अडुसष्ट वर्षांचे आजोबा, मधे कुजलेली आणि कडेने कॉन्ट्रास्ट घेणारी गाठ, तर म्युटेशन नसणार. संगणकाच्या अचूकतेच्या आकड्यांत अशा सोप्या केसेस भरपूर असतात. अडचण होते ती पंचावन्न-साठीच्या, कॉन्ट्रास्ट न घेणाऱ्या, वरवर शांत दिसणाऱ्या गाठीत. तिचा एमआरआय ‘लो ग्रेड’ दिसतो आणि तपासणीत आयडीएच म्युटेशन नसते, पण टर्ट या जनुकाच्या प्रमोटरमध्ये (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागात) बदल किंवा ईजीएफआर या जनुकाच्या वाढलेल्या प्रती सापडतात. २०२१ च्या नियमाने ती थेट ग्लायोब्लास्टोमा. नेमकी तिथेच मदत हवी असते आणि नेमकं तिथेच चित्र फसवतं.

मुंबईत ‘ॲडव्हान्स्ड’ म्हणून काय मिळेल? एक, स्पेक्ट्रोस्कोपी. गाठीतल्या एका चौकोनाचं रासायनिक मोजमाप चित्राऐवजी आलेखात येतं. वर सांगितलेला २-हायड्रॉक्सिग्लुटारेट (थोडक्यात २-एचजी) या आलेखात एका ठरावीक जागी पकडता येतो आणि जिवंत माणसात तो मोजून दाखवल्याचे निबंध २०१२ पासून आहेत. कागदावर यापेक्षा सुंदर तपासणी नाही, कारण इथे म्युटेशनचं उत्पादनच मोजलं जातं. प्रत्यक्षात त्याच जागी ग्लुटामेट, ग्लुटामिन आणि गाबा या मेंदूतल्या नेहमीच्या पदार्थांचे उंचवटे एकमेकांवर चढलेले असतात. ते सोडवायला ३ टेस्लाचं मशीन, खास बेतलेला सिक्वेन्स (मशीनची मोजणीची पद्धत) आणि आलेख वाचणारा जाणकार, तिन्ही लागतात. गाठ लहान असेल किंवा कवटीच्या हाडाला चिकटून असेल तर आलेख खराब येतो. नेहमीच्या सेंटरवर ‘स्पेक्ट्रोस्कोपी केली’ म्हणजे कोलीन वाढलंय, एनएए कमी झालंय (दोन्ही मेंदूतली नेहमीची रसायनं) एवढंच कळतं. त्यात आयडीएचचं उत्तर नसतं. पैसे भरण्याआधी ‘२-एचजी मोजता का?’ असं स्पष्ट विचारा. समोरचा गोंधळला तर उत्तर मिळालं.

दुसरं, परफ्यूजन. कॉन्ट्रास्ट वेगाने सोडून गाठीतलं रक्ताचं प्रमाण मोजतात. जास्त रक्त म्हणजे जास्त वाईट गाठ, असं ढोबळ समीकरण आहे आणि ऑलिगोडेंड्रोग्लायोमा ते मोडून टाकते. तिच्यात बारीक केशवाहिन्यांचं जाळं दाट असतं, त्यामुळे ग्रेड २ ची असूनही परफ्यूजन चढलेलं दिसतं. तिच्या बाबतीत जुना सीटी स्कॅन कधी कधी जास्त कामाचा ठरतो, कारण या गाठीत कॅल्शियम साठतो आणि तो सीटीत ठळक दिसतो. फिट आली त्या रात्री तालुक्याच्या ठिकाणी काढलेला सीटी बहुतेक घरात पडून असतो. ‘एमआरआय झाला, आता तो कशाला’ म्हणून टाकू नका.

एमजीएमटी या जनुकाबद्दलही कुणीतरी सांगेल. तिथे म्युटेशन पाहत नाहीत. पाहतात ते जनुकाच्या प्रमोटरवर बसलेलं रासायनिक झाकण आहे, मेथिलेशन. ग्लायोब्लास्टोमात ते असेल तर टेमोझोलोमाइड या औषधाचा फायदा जास्त होतो, हे २००५ पासून माहीत आहे. एमआरआयवरून ते ओळखण्यासाठी २०२१ मध्ये ब्रॅट्स नावाची जागतिक स्पर्धा झाली. हजाराहून अधिक संघ उतरले आणि जिंकलेल्या संघाचा गुण होता सुमारे ०.६२. या मोजपट्टीवर १ म्हणजे अचूक आणि ०.५ म्हणजे छापा-काटा. जगभरातली हुशार मंडळी एकाच डेटावर महिनोन् महिने घासून एवढ्यावरच पोचली, म्हणजे चित्रात ती माहिती फारशी नाहीच, असं मी धरून चालतो. एमआरआयवरून एमजीएमटी सांगतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावं.

एआयबद्दलची माझी मोठी तक्रार मात्र अचूकतेच्या आकड्याची नाही. हे प्रोग्राम ग्लायोमा असल्याचं सिद्ध झालेल्या रुग्णांच्या चित्रांवर शिकवलेले असतात. ‘ही गाठ ग्लायोमाच आहे, आता जात सांग’, इथून त्यांचा विचार सुरू होतो. आपल्याकडे तेच गृहीत धरता येत नाही. क्षयाची गाठ, म्हणजे ट्यूबरक्युलोमा, आजही समोर येते. डीमायलिनेशनचा (मज्जातंतूंवरचं आवरण झिजल्याचा) मोठा डाग गाठीसारखा दिसतो. अशी चित्रं प्रोग्रामला दिली तर तो ‘हे माझ्या परीक्षेत नव्हतं’ असं म्हणत नाही, आयडीएच आहे की नाही याची टक्केवारी काढून मोकळा होतो. माणूस निदान गप्प बसतो किंवा छातीचा एक्स-रे मागवतो. शिवाय प्रोग्राम ज्या मशीनच्या चित्रांवर शिकला ती वेगळी आणि आमच्याकडची वेगळी. काप जाड झाला, सिक्वेन्स थोडा बदलला, की आकडे घसरतात. तुमच्या मामांच्या चित्रात क्षयाची शंका घ्यावी असं वर्णन नाही, हे सांगून ठेवतो, नाहीतर हे वाचून नवीन काळजी सुरू व्हायची.

मग ऑपरेशन कशाला? दोन कारणं, आणि दुसरं जास्त वजनाचं.

पहिलं असं की उपचार अंदाजावर ठरत नाहीत. व्होरासिडेनिब नावाची गोळी २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, आयडीएच म्युटेशन असलेल्या ग्रेड २ च्या गाठींसाठी, ऑपरेशननंतर. ज्या चाचणीवर ती मंजूर झाली तिच्यात गाठ पुन्हा वाढायला लागेपर्यंतचा मध्यम काळ २७.७ महिने होता, नुसती दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांत ११.१ महिने. किमतीचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. पण त्या चाचणीतल्या प्रत्येकाची म्युटेशन गाठीच्या तुकड्यावर सिद्ध झालेली होती. रेडिएशन लगेच द्यायचं की थांबायचं, कुठली केमो, हेही तुकड्यावरच ठरतं. एमआरआयवर न दिसणारी एक गोष्ट तर फारच महत्त्वाची आहे. सीडीकेएन२ए/बी या जनुकांच्या दोन्ही प्रती गळालेल्या असतील तर आयडीएच म्युटेशन असलेला शांत दिसणारा ॲस्ट्रोसायटोमासुद्धा ग्रेड ४ मध्ये जातो.

दुसरं कारण म्हणजे या गाठीत ऑपरेशन हा स्वतःच उपचार आहे, नमुना हाती येतो हा जोडफायदा. जेवढी गाठ सुरक्षितपणे निघेल तेवढा पुढचा काळ चांगला जातो, आणि आयडीएच म्युटेशनवाल्या ॲस्ट्रोसायटोमात हे जास्तच दिसतं. तुमच्या रिपोर्टातल्या अंदाजाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. तो वाचून सर्जन नुसती बायोप्सी घेऊन थांबण्याऐवजी मोठं, नीट आखलेलं ऑपरेशन ठरवू शकतो.

म्हणून ‘ॲडव्हान्स्ड’ एमआरआयवर खर्च करायचाच असेल तर मी तो जनुक ओळखण्यावर करणार नाही. गाठ डाव्या फ्रंटल लोबमध्ये आहे, मामा उजव्या हाताने काम करणारे असतील तर बोलण्याचं केंद्र बहुतेक त्याच बाजूला. फंक्शनल एमआरआयमध्ये रुग्णाला मशीनमध्ये असताना शब्द आठवायला सांगतात आणि मेंदूचा कोणता भाग जागा होतो ते पाहतात. ट्रॅक्टोग्राफीत बोलणं आणि हालचाल वाहून नेणारे तंतू गाठीच्या किती जवळून जातात ते दिसतं. कुठपर्यंत कापायचं, रुग्णाला मधे जागं ठेवून बोलतं करत ऑपरेशन करायचं का, हे त्यावरून ठरतं. हा नकाशा ज्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन होणार तिथेच काढलेला बरा, कारण तो त्यांच्या नॅव्हिगेशन यंत्रात चढवायचा असतो. बाहेरून काढून नेला तर पुष्कळदा परत काढतात. फंक्शनल एमआरआयच्या सूचना मराठीतून द्यायला सांगा. मालवणी घरातल्या माणसाला हिंदीतून ‘फलों के नाम सोचिए’ म्हटलं तर मेंदूपेक्षा संकोचच जास्त जागा होतो.

कुठे जायचं हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो पाठोपाठ येतोच. मालवण-कुडाळहून गोव्यातलं बांबोळीचं मेडिकल कॉलेज जवळ, मुंबई लांब. ऑपरेशन जिथे नीट होईल तिथे करा. गाठीचा तुकडा लांब पाठवता येतो, मामांना प्रत्येक तपासणीसाठी कोकणकन्येत बसवायची गरज नाही. टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी ब्लॉक पाठवून दुसरं मत घेता येतं. ‘ब्लॉक’ म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. त्यावर आधी आयडीएच१ आर१३२एच (आयडीएचमधला सगळ्यात नेहमीचा बदल) आणि एटीआरएक्स (आणखी एक जनुक) यांसाठीचे रंग करतात. हा आयडीएचचा रंग दहापैकी साधारण नऊ म्युटेशन पकडतो. बेचाळीसच्या वयात तो निगेटिव्ह आला तर तिथे थांबायचं नाही, जनुकाचं सिक्वेन्सिंग मागायचं. पंचावन्नच्या पुढे आणि सरळसरळ ग्लायोब्लास्टोमा दिसत असेल तर एवढी गरज नसते.

जाताना फिल्मांच्या भरवशावर राहू नका. पावसाळ्यात आमच्याकडच्या दमट हवेत त्या एकमेकींना चिकटतात, सोडवताना वरचा थर सुटतो, आणि तशाही त्यात निवडक काप असतात. सेंटरकडून डायकॉम स्वरूपातली (मूळ डिजिटल चित्रांची) सीडी किंवा पेन ड्राइव्ह घ्या. मोबाइलवर काढलेले फिल्मांचे फोटो पाठवून मत मागू नका. त्या फोटोत मिसमॅचची कड दिसते की ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, हे मला सांगता येत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेखाली ऑपरेशन बसतं का, हे त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे भरती होण्याआधी विचारा. जनुकीय तपासण्यांचा खर्च त्यात धरलाय का, हे वेगळं विचारा.

तोपर्यंत फिटची गोळी एकही वेळ चुकवायची नाही, आणि बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करायची नाही. होडीवर जाणं बंद, सोबत कुणी असलं तरी. पोहणं, माडावर चढणं आणि गाडी चालवणंही सध्या नको. मामा बोटीच्या इंजिनाचं ग्राइंडिंग-वेल्डिंग करत असतील तर पुढच्या एमआरआयआधी टेक्निशियनला तसं सांगा. डोळ्यात लोखंडाचा कण अडकलेला असला तर तो चुंबकात हलतो. याआधी एमआरआय निभावला म्हणून विचारायचं सोडू नका, मधल्या काळात काम केलं असेल.

ऑपरेशननंतरचा पहिला एमआरआय शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांतच व्हावा, अशी विनंती आधीच करून ठेवा. त्यानंतर जखमेचे बदल दिसायला लागतात आणि उरलेली गाठ कोणती, भरून येणारा भाग कोणता, हे ओळखणं अवघड होतं. आणि डिस्चार्जच्या दिवशी बायोप्सी नंबर, ब्लॉकचे नंबर आणि ते कुठल्या लॅबमध्ये ठेवलेत, हे कार्डावर लिहून घ्या. काही वर्षांनी गाठ परत वाढली किंवा नवीन औषध आलं तर पहिली मागणी त्याच ब्लॉकची होते.